रकान्यांचा क्रम

धंतोली म्हणजे नागपुरांतील रुग्णालयांची वस्ती. येथें जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद अखेर एका तक्त्याच्या रकान्यांत बसते; आणि त्या रकान्यांचा क्रम ही वाटते तितकी क्षुल्लक बाब नव्हे.

महाराष्ट्र शासनानें मार्च २०२४ मध्यें ठरविलें कीं, १ मे २०२४ रोजीं वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें व शेवटीं आडनांव यावें. दुसरें आसन आईस मिळालें.

याकरितां संगणकांतील तक्ता मोडावा लागतो काय? मुळींच नाहीं. जन्मनोंदींत आईचें नांव पूर्वींपासून असतेंच. बदलावयाचा तो मांडणीचा क्रम. एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेल्या पद्धतींत रकाना ओळखावयाचा तो नांवानें, जागेवरून नव्हे. 'एसक्यूएल' या पृच्छाभाषेंत 'सिलेक्ट' या शब्दापुढें रकान्यांचीं नांवें ज्या क्रमानें लिहावीं, त्याच क्रमानें उत्तर समोर येतें. नांवांऐवजीं नुसती तारका लिहिली, तर मात्र तक्ता रचतांना ठरलेला क्रमच पदरीं पडतो.

धोका आहे तो निराळाच. रकान्यांचीं नांवें न देतां केवळ जागा मोजून या नोंदी दुसऱ्या तक्त्यांत भरल्या, तर आईचें नांव वडिलांच्या रकान्यांत निमूटपणें जाऊन बसेल. यंत्र तक्रार करणार नाहीं. त्याच्या लेखीं दोन्ही अक्षरेंच! म्हणून पृच्छा लिहिणाऱ्यानें प्रत्येक रकान्याचा नांवानें उच्चार करावा. पंगतींत आसन बदललें म्हणून माणूस बदलत नाहीं. वाढणाऱ्यानें मात्र आसन न पाहतां माणूस ओळखला पाहिजे.