उपचार पूर्ण व्हावेत म्हणून



गुदद्वाराच्या कर्करोगाविषयी आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही. मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती उपायांत जातात. निदान झाल्यावर उपचारांचे भय उभे राहते. म्हणून आज आम्ही त्या भयाविषयीच बोलणार आहोत.

पूर्वी या रोगावर मोठी शस्त्रक्रिया आणि पोटावर कायमचा कृत्रिम शौचमार्ग हाच उपाय असे. १९७४ साली अमेरिकेतील डॉ. नॉर्मन निग्रो यांनी किरणोपचार व केमोथेरपी एकत्र देऊन गाठ नाहीशी होऊ शकते, हे दाखविले. तेव्हापासून बहुसंख्य रुग्णांचा नैसर्गिक शौचमार्ग वाचू लागला. मात्र पाच-सहा आठवड्यांच्या या उपचारांत जांघेची त्वचा भाजल्यासारखी होते, जुलाब लागतात, पांढऱ्या पेशी घटतात. त्रास असह्य होऊन रुग्ण मध्येच थांबला, तर उरलेल्या कर्कपेशी पुन्हा वाढू लागतात. त्यामुळे दुष्परिणाम कमी करणे ही केवळ दया नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.

आय.एम.आर.टी. या तंत्राने किरणांचा मारा गाठीच्या आकाराबरहुकूम देता येतो आणि आतडी, मूत्राशय व त्वचा यांना झळ कमी बसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आर.टी.ओ.जी. ०५२९ या अमेरिकन चाचणीत त्वचेच्या तीव्र इजेचे प्रमाण २३ टक्के आढळले. जुन्या तंत्राने झालेल्या आधीच्या चाचणीत ते ४९ टक्के होते. पचनसंस्थेचे तीव्र त्रासही ३६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले.

यंत्राइतकेच मोल रोजच्या शुश्रूषेचे आहे. कोमट पाण्यात बसून शेक, सैल सुती कपडे, डॉक्टरांनी दिलेलेच मलम, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, आणि तंबाखूला पूर्ण विराम. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्त्री-रुग्णांना योनिमार्ग आखडू नये यासाठीचे उपाय संकोच न बाळगता समजावून सांगणे, हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

देणगीदारांना आमची एवढीच विनंती, की यंत्रासाठी दिलेल्या रुपयाबरोबर मलमपट्टीसाठी, रक्ततपासणीसाठी आणि परगावच्या रुग्णाच्या निवासासाठीही एक रुपया राखून ठेवावा. अनेकदा उपचार अडतात ते अशा लहान खर्चांपाशीच.