मेकफाइलमधला टॅब कोण खातं?

एका श्रोत्याचा मेल आलाय, आजचा भाग त्यावरच. ते लिहितात, सर्व्हरवर विममध्ये मेकफाइल नीट लिहिता येत होती. मग मी डॉट-विमआरसी बनवली, एकच ओळ टाकली, 'सेट एक्स्पांडटॅब'. त्यानंतर मेकफाइलमध्ये दोन ओळी वाढवल्या तर मेक म्हणतंय 'मिसिंग सेपरेटर'. बिल्ड अडलंय, टीम माझ्याकडे बघतेय.

आधी मेकची बाजू. 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं, आणि कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी हा नियम तेव्हापासूनचा. आठ स्पेस दिल्या तर डोळ्यांना तेच दिसतं, मेकला चालत नाही. पायथनवाले बरोबर उलटे, त्यांना चार स्पेस हव्यात. म्हणजे सगळ्या फायलींना एकच सेटिंग लावून भागत नाही.

विमला हे ठाऊक आहे बरं का. फाइलचं नाव, एक्स्टेन्शन, नाहीतर आतला मजकूर बघून ते प्रकार ओळखतं आणि त्या प्रकाराची छोटी स्क्रिप्ट चालवतं. मेकफाइलची स्क्रिप्ट एक्स्पांडटॅब स्वतःहून बंद करते. मग अडलं कुठे?

गंमत इथे आहे. विम 8 पासून, तुमची स्वतःची विमआरसी नसेल तर विम डिफॉल्ट्स-डॉट-विम ही फाइल वाचतं, आणि प्रकार ओळखणं तीच चालू करते. तुम्ही विमआरसी बनवली, अगदी रिकामी का असेना, की ती वाचलीच जात नाही. एक ओळ मिळवली आणि न सांगता बरंच काही गेलं! मला हे डिझाइन अजिबात पटत नाही. निओविममध्ये हा त्रास नाही, तिथे ओळख मुळातच चालू असते.

उपाय: विमआरसीत 'फाइलटाइप प्लगइन इंडेंट ऑन' लिहा. आधी घुसलेल्या स्पेस मात्र आपोआप जाणार नाहीत. फाइल पुन्हा उघडून 'रीटॅब', पुढे उद्गारचिन्ह. हे ओळीच्या मधल्या स्पेसनाही हात लावतं, तेव्हा कमिटच्या आधी डिफ बघाच.

आता स्वतःच्या आवडी. समजा यामलला दोन स्पेस हव्यात. डॉट-विम फोल्डरमध्ये आफ्टर, त्यात एफटीप्लगइन, त्यात यामल-डॉट-विम. 'आफ्टर' का? तर विमची स्वतःची स्क्रिप्ट आधी चालते आणि शेवटचा शब्द तुमचा राहतो. आणि तिथे 'सेट' नको, 'सेटलोकल' लिहा. नाहीतर यामलच्या दोन स्पेस त्यानंतर उघडलेल्या सी फाइलमध्येही शिरतात, आणि तुम्ही शोधत बसता.

शोधायची वेळ आलीच तर 'व्हर्बोस सेट एक्स्पांडटॅब', शेवटी प्रश्नचिन्ह. हे सेटिंग शेवटचं कुठल्या फाइलने बदललं, ते विम नावानिशी सांगतं. मेल पाठवणाऱ्या दादांनी आधी हेच चालवून बघावं, आणि काय दिसलं ते कळवावं.