दारू सोडायची आहे? तालुक्याचा दवाखाना जवळच आहे



आज बोंडअळीवर बोलणार नाही. माती परीक्षणाच्या कामाने मी एका गावी गेलो होतो. तिथल्या एका बागायतदाराने एकादशीला माळ घातली आणि पंधरा वर्षांची रोजची दारू एका दिवसात तोडली. निश्चय चांगलाच. पण दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, रात्री झटका आला. घरच्यांना वाटलं बाहेरचं आहे, देवऋषी आणला. भावाने ऐकलं नाही, ट्रॅक्टर जोडून ग्रामीण रुग्णालय गाठलं, म्हणून माणूस वाचला.

रोज पिणाऱ्याचे शरीर दारूला सरावलेले असते. ती एकाएकी बंद केली की ६ ते २४ तासांत कंप, घाम सुरू होतो, झोप उडते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. काहींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होतात. तेव्हा जिवालाही धोका असतो. म्हणून माळ जरूर घाला, पण आधी डॉक्टरांना भेटा.

'भरती व्हायचं तर धारा कोण काढणार?' असं बरेच जण विचारतात. सगळ्यांनाच भरती व्हावे लागत नाही. पूर्वी झटके वा भास झालेले, दुसरा मोठा आजार असलेले, घरी लक्ष द्यायला कोणी नसलेले, यांनी दाखलच व्हावे. बाकीच्या पुष्कळांचे उपचार बाह्यरुग्ण विभागात, घरी राहून होतात. थरथर आवरणाऱ्या गोळ्या काही दिवस देऊन हळूहळू कमी करतात, सोबत बी-१ जीवनसत्त्व. त्यानंतरचे काम समुपदेशनाचे, आणि तेच लांबणीचे. ते अर्ध्यावर सोडू नका.

जायचे कुठे? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तुमच्या भागात हे डॉक्टर कोणत्या वारी, कुठे येतात, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. गडचिरोलीत २०१६ साली सुरू झालेल्या मुक्तिपथ अभियानाने तर गावोगाव शिबिरे घेतली. फोनवर विचारायचे असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. जाताना घरचे एक माणूस बरोबर घ्या. किती पितो, शेवटची कधी घेतली, हे खरे सांगा; डॉक्टर काही पंचनामा करायला बसलेले नाहीत.

भगिनींनो, तुम्हाला एक विनंती. दारू सोडवण्याची पावडर जेवणातून चोरून देऊ नका. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली की रक्तदाब एकदम घसरतो, माणूस दगावू शकतो. असे औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

आणि उसाच्या बिलाच्या आठवड्यात पाय घसरला, तर घरात भांडण न करता परत त्याच डॉक्टरांकडे घेऊन जा. हराळी एका खुरपणीत गेली, असं कुणाच्या रानात झालंय?

डॉक्टर येण्याचा वार उद्याच विचारून ठेवा, आणि त्या दिवशीची पाण्याची पाळी शेजाऱ्याला सांगा.