उमेदवाराची उलटतपासणी



न्यायालयात ज्या साक्षीदारास 'होय' किंवा 'नाही' म्हणणे जड जाते, तो लांबलचक भाषण करू लागतो. प्रथमच निवडणुकीस उभ्या राहिलेल्या उमेदवाराची मुलाखतीत हीच गत होते. याचे एक उदाहरण मी आपणांपुढे ठेवतो. ते अमेरिकेतील आहे; परंतु त्यातील प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे.

रँड पॉल हे केंटकी राज्यातील नेत्रवैद्य. पूर्वी त्यांनी कोणतेही अधिकारपद भूषविले नव्हते. १८ मे २०१० रोजी सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी त्यांनी मिळविली आणि दुसऱ्याच दिवशी ते दूरचित्रवाणीवर रेचल मॅडो यांच्यापुढे मुलाखतीस बसले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खाजगी उपाहारगृहांनाही वर्णभेदाची बंदी केली. त्याआधी, १९६० साली, ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील जेवणाच्या टेबलाशी बसले, तेव्हा त्यांना वाढण्यास नकार मिळाला होता. मॅडोबाईंचा प्रश्न सरळ होता : असा नकार देण्याची मुभा मालकास असावी काय?

पॉल म्हणाले, भेदभाव मला अमान्य आहे. मग ते मालकी हक्काविषयी बोलले, भाषणस्वातंत्र्याविषयी बोलले, उपाहारगृहात बंदूक नेण्याविषयीही बोलले. प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला. 'होय' किंवा 'नाही' काही आले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी जाहीर केले की, हा कायदा रद्द करण्यास माझा पाठिंबा नाही.

येथे चूक कोणती झाली? प्रश्न अनपेक्षित होता असे म्हणता येत नाही. आदल्याच महिन्यात लुइव्हिलच्या एका वर्तमानपत्राच्या संपादकांपुढे तो निघाला होता. मालकाच्या हक्काचे तत्त्व त्यांनी पुष्कळ घोटले होते. परंतु त्या तत्त्वापायी कोणाच्या पुढचे ताट उचलले जाते, याचे उत्तर त्यांनी सिद्ध ठेवले नव्हते. तरीही नोव्हेंबरमध्ये ते निवडून आले. म्हणजे मुलाखत निकाल देत नाही; ती केवळ पुरावा नोंदविते. निकाल मतदाराने द्यावयाचा असतो.

आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकान, उपाहारगृह, विहीर, पाणवठा यांची दारे जातीच्या नावाने बंद करण्यास मनाई केली आहे. म्हणून उमेदवार तुमच्या वस्तीत येईल, तेव्हा त्याला एकच लहान प्रश्न विचारा. तो दुसरीकडे वळला, तर तोच प्रश्न पुन्हा विचारा. आवाज मात्र चढवू नका. त्याने दाखविलेली सहानुभूती बाजूला ठेवून दिलेले उत्तर तेवढे ध्यानात ठेवा.

आणि उद्या तुमचाच मुलगा किंवा मुलगी उमेदवार झाली, तर त्यांना एवढेच शिकवा : ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही, अभ्यासून सांगेन' म्हणावे, आणि ठाऊक असेल तर आधी 'होय' किंवा 'नाही' म्हणून मग कारण सांगावे. ज्याला आपल्या मताचा शेवट ठाऊक आहे, त्याला उलटतपासणीचे भय नसते.