वचन तेच, अर्थ कोण लावणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. या निकालामागे तिथल्या गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंट मतदारांचं मोठं पाठबळ होतं. २०१६ मध्ये त्यांच्यातल्या दहापैकी सुमारे आठ जणांनी ट्रम्प यांना मत दिलं होतं. हे ऐकलं की आपल्यापैकी अनेकजणी म्हणतात, "धर्म म्हटला की प्रतिगामीपणा आलाच." हे म्हणणं आज तपासून पाहू.

प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात बंडाने झाली. देव आणि माणूस यांच्यामध्ये पोप नको, बायबल प्रत्येकाने आपापल्या भाषेत वाचावं, असं सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर म्हणाला. वाचायचं तर बाईलाही अक्षर यायला हवं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दारूबंदीसाठी संघटित झालेल्या प्रॉटेस्टंट स्त्रियांच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांनी बायकांच्या मताधिकाराची मागणी केली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा अशा स्त्रियांनीच त्यांना साथ दिली. मुंबईत १८८९ मध्ये निघालेल्या शारदासदनाला तिथला पैसा होता.

पण याच पंथाची दुसरी बाजूही पाहा. दक्षिणेतले बॅप्टिस्ट १८४५ मध्ये वेगळे झाले ते गुलामगिरीच्या प्रश्नावर. गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल त्यांच्या संघटनेने माफी मागितली ती थेट १९९५ मध्ये. आणि मार्टिन ल्यूथर किंग हेही बॅप्टिस्ट धर्मोपदेशकच! बायबल तेच, बाप्तिस्मा तोच, राजकारण मात्र दोन टोकांचं. आजही काळे प्रॉटेस्टंट बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षालाच मत देतात.

मग श्रद्धेचा काहीच संबंध नाही का? आहे. दोन समजुती महत्त्वाच्या आहेत. एक, पाप माणसाच्या मनात असतं, मन पालटलं की समाज सुधारतो. असं मानलं की गरिबी, वंशभेद, नवऱ्याची मारहाण हे सगळे एकेकट्या माणसाचे दोष ठरतात. कायदा आणि सरकार अनावश्यक वाटू लागतं. दुसरी, बायबलमधला शब्द न् शब्द अचूक आहे. मग नवरा घराचा मस्तक हे वचनही जसंच्या तसं लागू होतं. पण ख्रिस्तात स्त्री-पुरुष भेद नाही, हेही त्याच ग्रंथात आहे! कुठलं वचन पुढे आणायचं, हे माणसंच ठरवतात.

याचा पुरावा म्हणून एक तारीख लक्षात ठेवा. १९७१ मध्ये याच दक्षिणी बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने ठराव केला, की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका, अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी. तेव्हाही बायबल हेच होतं.

बदललं ते राजकारण. सत्तरच्या दशकात वंशभेद पाळणाऱ्या खाजगी ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत सरकारने काढायला घेतली, त्याचा राग होता. स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती दारात उभी होती. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' काढली आणि वर्षभरात हे मतदार रेगन यांच्यामागे उभे केले. त्याच १९७९ पासून कडव्या गटाने बॅप्टिस्ट संघटना पदापदाने ताब्यात घेतली. १९६४ मध्ये तिथे पहिल्या स्त्रीला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली होती. १९८४ मध्ये ठराव झाला, की पतनात स्त्री पहिली, म्हणून तिला दीक्षा नको. १९९८ मध्ये पत्नीने पतीच्या अधीन राहावं, हे श्रद्धापत्रात घातलं गेलं. २००० मध्ये धर्मोपदेशकाचं पद फक्त पुरुषांचं झालं. अर्थ लावण्याचा हक्क आधी बाईकडून गेला. आणि २०२२ च्या चौकशी अहवालात दिसलं, की लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी घेऊन आलेल्यांना संघटनेच्या वरिष्ठांनी वर्षानुवर्षं दाद दिली नव्हती.

मैत्रिणींनो, या चळवळीत बायकाही होत्या, हे विसरू नका. बेव्हर्ली लाहे या पाद्र्याच्या पत्नीने १९७९ मध्येच प्रार्थनागटांतून स्त्रियांची मोठी संघटना उभारली. या बायकांना बावळट म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण आजारपणात डबा पाठवणारी, नवऱ्याची दारू सोडवणारी, एकटीला चार माणसं देणारी जागा जर चर्च असेल, तर ती बाई तिथेच जाणार. आपण तिला काय देतो, हा प्रश्न आपल्याला आहे.

आपल्याकडचा अनुभवही पाहा. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरे होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. २००१ मध्ये तो बदलला. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्यांत चर्चला जाणाऱ्या, श्रद्धाळू ख्रिस्ती स्त्रिया होत्या.

म्हणून वस्तीत काम करताना "तू देव मानतेस का?" हे विचारू नका. तुमच्या देवळात, मशिदीत, चर्चमध्ये ग्रंथाचा अर्थ कोण सांगतं, समितीवर कोण बसतं, हिशोब कोण ठेवतं आणि बाईची तक्रार कोण ऐकतं, हे विचारा. उत्तरं तिला ठाऊक असतात. बोलणं तिथून सुरू करा.