यंत्राच्या आत कोण?



साहित्याच्या व्याख्यानमालेत व्हिडिओ गेम कशाला, असं काहींना वाटेल. पण आज कितीतरी मुलांना पहिली युद्धकथा पडद्यावर भेटते. कथा म्हटली की ती आपल्या प्रांतात आलीच.

‘डेमन एक्स माकिना’ हा २०१९चा जपानी खेळ घ्या. चंद्रपातानंतरची पृथ्वी, माणसांवर उलटलेली यंत्रं आणि त्यांच्याशी लढणारे भाडोत्री योद्धे. योद्धा ‘आर्सेनल’ नावाच्या चिलखती यंत्रात शिरतो, भन्नाट वेगानं उडतो, गोळ्या झाडतो. पाडलेल्या शत्रूचं शस्त्र काढून स्वतःच्या यंत्राला लावतो. ताकद वाढवायची तर शरीरातही यंत्रं बसवून घेता येतात. मग माणसाचं रूप हळूहळू जातं. आज खांद्याला खांदा लावून लढलेला सोबती उद्या दुसऱ्या कंत्राटावर समोर उभा राहतो.

हे सारं परकं समजू नका. भगवतीसूत्राच्या सातव्या शतकात, म्हणजे सातव्या प्रकरणात, कूणिक आणि वैशालीचा चेटक यांच्या युद्धात ‘रथमुसल’ येतो. घोडे नाहीत, सारथी नाही, योद्धा नाही. मुसळ लावलेला रथ एकटाच धावतो आणि माणसं चिरडतो. सूत्र मृतांचा आकडा सांगतं: ९६ लाख.

तिथंच गौतम महावीरांना विचारतात, ‘रणात मेलेले स्वर्गाला जातात असं लोक म्हणतात, ते खरं का?’ महावीर ते नाकारतात आणि वरुणाची गोष्ट सांगतात. वरुण व्रतस्थ श्रावक. राजाज्ञेनं रणात उतरला, पण नेम एकच: आधी वार करणाऱ्यावरच वार करायचा. समोरच्यानं बाण मारला, मग यानं मारला. स्वतः घायाळ झाल्यावर त्यानं रथ वळवला, एकांतात नेला, घोडे सोडले आणि दर्भावर बसून शांतपणे देह ठेवला. त्या रिकाम्या रथाशेजारी सूत्रानं एक आतला माणूस उभा केला आहे.

‘खेळात खरं कोण मरतं?’ असं मुलं विचारतात. आपल्याकडे यशोधराची कथा आहे. सोमदेवसूरींनी ती ९५९मध्ये ‘यशस्तिलका’त सांगितली. राजानं आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी मारण्याचा भाव होता म्हणून जन्मोजन्मी फळ भोगलं. मात्र याच कसोटीनं मुलांना सरसकट दोषी ठरवता येत नाही. खेळणाऱ्याचं चित्त बरेचदा वार चुकवण्यात, नेम साधण्यात गुंतलेलं असतं. बोटं तीच, भाव वेगळे.

पादऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात आईवडील विचारतात, ‘डॉक्टर, किती वेळ खेळू द्यावं?’ झोप, डोळे, मान यांसाठी वेळेचं बंधन हवंच. पण त्यानंतर मुलाजवळ बसा आणि विचारा: कालच्या सोबत्यावर गोळी झाडताना तुला काय वाटलं? तो थोडा थांबला, तर यंत्राच्या आत माणूस आहे. लगेच ‘काही नाही’ म्हणाला, तर त्याला वरुणाची गोष्ट सांगा. ती सांगण्याचं काम आपलं आहे.