प्रवेश परीक्षा आणि आपण पालक

आज मी बोलणार आहे ते पीकपाण्याविषयी नव्हे. पण ज्यांच्या घरात अकरावी-बारावीला शिकणारे मूल आहे, त्यांच्या दृष्टीने पिकाइतक्याच काळजीच्या गोष्टीविषयी. ती गोष्ट म्हणजे कॉलेजची प्रवेश परीक्षा.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात आमचे गाव आहे. सोयाबीन घरात आले होते, तूर अजून वावरात उभी होती, अशा दिवसांत एका शनिवारी संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही पालकांची बैठक बोलावली. वीस-पंचवीस माणसे जमली. सुरुवातीला कोणी बोलेना. मग मागे टेकून बसलेले एक शेतकरी म्हणाले,

"मास्तर, पोरीनं दहावीले मार्क घेतले, बारावीलेबी घेईन. मंग ही दुसरी परीक्षा कायले? एकाच पोत्याचं दोनदा वजन करता काय?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी त्यांना विचारले, "दादा, तुमच्या आजोबांच्या काळी धान्य कशाने मोजत?" ते म्हणाले, "पायलीनं." मी म्हटले, "आणि आपल्या गावची पायली अन् शेजारच्या गावची पायली सारखी होती काय?" ते म्हणाले, "नाही. तेवढ्यावरूनच तर भांडणं होत!"

हेच कारण आहे, मंडळी. १९५६ साली देशाने वजनमापांचा कायदा केला आणि पुढे काही वर्षांत सगळीकडे एकच किलो आला. परीक्षांचेही तसेच. आपले राज्य मंडळ वेगळे, दिल्लीचे केंद्रीय मंडळ वेगळे, प्रत्येक राज्याचे मंडळ वेगळे. एकाकडचे ऐंशी टक्के आणि दुसऱ्याकडचे ऐंशी टक्के सारखेच, असे कोणी सांगावे? म्हणून सर्वांना एकाच काट्यावर बसवावे, हा या परीक्षेमागचा विचार.

हा विचार आजचा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. ती मुळात कॉलेजात घ्यावयाची प्रवेश परीक्षाच होती. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण भांडारकर त्या पहिल्याच परीक्षेत उतरले होते.

आता आपल्या मुलांच्या वाटेवर दोन मोठे काटे आहेत. डॉक्टर व्हायचे असेल तर 'नीट'. ही परीक्षा सबंध देशाची. १९१३ नव्हे, २०१३ साली ती प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, आणि २०१६ साली त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेतल्यावर ती परत आली. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि शेतकीच्या पदवीसाठी आपल्या राज्याची 'सीईटी'. तिचेही मध्येच रूळ बदलले: २०१४ आणि २०१५ साली इंजिनिअरिंगचे प्रवेश देशाच्या 'जेईई' परीक्षेवर झाले, आणि २०१६ पासून पुन्हा राज्याची सीईटी आली. शिक्षकांनासुद्धा धाप लागावी अशी ही धावपळ; मग पालक गोंधळले तर नवल काय?

बैठकीत जवळच्या तांड्यावरून आलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पोरगं हुशार हाय, गुरुजी. पण दोन साल लातूरले ठेवाचं म्हणजे एक वावर इकावं लागते. अन् वावर इकूनबी नंबर नाही लागला तर?"

या प्रश्नावर मात्र कोणी हसले नाही.

खरे बोलायचे तर काट्याची मर्यादा इथे दिसते. काटा वजन सांगतो. ते पीक ओलिताच्या जमिनीत आले की कोरडवाहू बरडावर, हे तो सांगत नाही. ज्या मुलाला दोन वर्षे शिकवणी मिळाली आणि जे मूल सुट्टीच्या दिवशी सोयाबीन सोंगायला जाते, त्या दोघांना कागद एकच. तमिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. 'नीट' आल्यावर खेड्यातल्या आणि तमिळ माध्यमाच्या मुलांचा वैद्यकीय प्रवेशांतला वाटा घटला, असे तिने २०२१ साली सांगितले. त्या राज्याने २०२० पासूनच सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या आहेत.

पण दुसरी बाजूही ऐका. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी २०२० साली, साथीच्या दिवसांत, तिथली 'सॅट' ही परीक्षा ऐच्छिक केली. त्यांपैकी एमआयटीसारख्या नामांकित संस्थेने २०२२ साली ती पुन्हा सक्तीची केली. त्यांचे म्हणणे असे, की परीक्षा काढून टाकली तर साध्या शाळेतले हुशार मूल नजरेतच येत नाही. तेव्हा काटा फेकून देणे हा उपाय नव्हे. काट्यापर्यंत प्रत्येकाचे पोते नीट पोहोचले पाहिजे, हा उपाय.

एका तरुण बापाने मध्येच विचारले, "पण पेपरच फुटते म्हणतात. मंग पोरायनं मरमर कायले कराची?" त्यांचा रोख २०२४ च्या 'नीट'कडे होता. ५ मे २०२४ रोजी ती परीक्षा झाली, पेपर फुटल्याच्या तक्रारी झाल्या, १,५६३ मुलांना दिलेले वाढीव गुण काढून घ्यावे लागले. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सबंध परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. दोषींवर कारवाई झालीच पाहिजे. काट्यात पासंग निघाला तर तो काढलाच पाहिजे. पण मुलाने अभ्यास सोडला तर त्यात पासंग लावणाऱ्याचे काही जात नाही, आपलेच जाते.

आता एक कबुली देतो. शिक्षक श्रोत्यांनी ती विशेष लक्ष देऊन ऐकावी.

काही वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी सीईटीला बसला. शेतकीच्या पदवीला जायचे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायचे, एवढेच त्याचे मागणे. मी त्याला बजावून सांगितले, "जे येत नाही त्याला हात लावू नको, गुण कापतात." पोरगा आज्ञाधारक. शंका वाटली ते सारे प्रश्न त्याने कोरे सोडले. परत आल्यावर कळले, की गुण कापतात ते 'नीट'मध्ये. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत! मी एका परीक्षेचा नियम दुसरीला लावला होता. त्या वर्षी त्याला हवी ती जागा मिळाली नाही. तो मला काही बोलला नाही. पण त्याचा बाप बाजारात भेटला, की अजून माझी मान खाली जाते.

म्हणून नियम नीट सांगतो. 'नीट'मध्ये, २०२५ च्या पद्धतीप्रमाणे, १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकले तर १ जातो. चार पर्यायांपैकी दोन चुकीचे आहेत अशी खात्री असेल, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडणे फायद्याचे. सीईटीत मात्र एकही प्रश्न कोरा सोडू नये. सीईटीचे बहुतेक प्रश्न बारावीचे, पण अकरावीचाही भाग त्यात असतो. तेव्हा "अकरावी म्हणजे आरामाचे वर्ष" ही समजूत सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. सीईटी संगणकावर, अनेक दिवस, अनेक पाळ्यांत होते. एका पाळीचा पेपर थोडा सोपा, दुसऱ्या पाळीचा थोडा कठीण असू शकतो. म्हणून नुसते गुण न मोजता, त्या पाळीतल्या मुलांत तुमचे मूल कितवे, ते पाहतात. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत. दर शंभर मुलांमागे साधारण नव्वद मुले तुमच्या मुलाच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. आकडा पाहून उगाच हुरळू नये, आणि पोराला उगाच मारूही नये.

तिसरी गोष्ट. बारावीचे गुण वाया जात नाहीत. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला ठरलेल्या विषयांत खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण लागतात. सीईटीत पहिला आला आणि बारावीत अडखळला, तर दार बंद.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्न, अधिवास, जे लागू असेल ते अकरावीतच काढायला टाका. निकाल लागल्यावर तहसिलीत रांग लावणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर बियाणे शोधणे.

आणि पाचवी, पैशाची. वावर विकण्याआधी चौकशी करा. नागपूरची 'महाज्योती' ही सरकारी संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना या परीक्षांची तयारी विनामूल्य करून देते. बंजारा समाजाची मुलेही त्यात येतात. 'बार्टी' आणि 'सारथी' यांच्याकडेही आपापल्या समाजासाठी योजना असतात. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे, आणि त्या फेरीचे दार प्रवेश परीक्षा हेच आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या वाशीमलाच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. जागा दाराशी आल्या. पण त्या जागेवर आपल्या जिल्ह्याचे मूल बसेल की नाही, ते या काट्यावर ठरणार.

नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. तेव्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, आणि माझ्यासुद्धा नव्हे. त्या वर्षीची अधिकृत सूचना शिक्षकाकडून वाचून घ्या. शिक्षकांनीही ती आधी स्वतः वाचावी. माझी चूक तुम्ही करू नका.

बैठक संपत आली, तेव्हा त्या पहिल्या शेतकऱ्याची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मी तिलाच विचारले, "बाई, तुला काय हवे?" ती बापाकडे पाहत म्हणाली, "मले लातूर नको, बाबा. फक्त संध्याकाळी दोन तास मले कोणी हाक मारू नका."

बाप काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हशीचं मी पाहीन."

मंडळी, सगळ्या घरांना हे जमेल असे नाही. काहींना खरेच शहरात पाठवावे लागेल, काही मुलांचा कल मुळात दुसरीकडेच असेल, आणि परीक्षेत मागे पडलेले मूल आयुष्यात मागे पडते असेही नाही. पण आज रात्री जेवताना एवढे करा: तिची परीक्षा कोणती, तिचे नियम काय, आणि तिला घराकडून काय हवे, हे तिलाच विचारा. उत्तर बहुधा तुम्हाला वाटते त्यापेक्षा स्वस्त निघेल.